पहिला पाना

मिस्त्रीमामांनी आमच्या जुन्या येझदी मोटारसायकलचा क्रँक फिरवून पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड पार वर आणला, दोन बोटांत धरला, हलकेच वर ओढला आणि खाली दाबला. टक. इतका बारीक आवाज, की शेजारच्या लेथवर काम सुरू असतं तर कानावर आलाच नसता. त्यांनी पुन्हा तेच केलं. टक. मग रॉड डावीकडे-उजवीकडे डुलवून दाखवला. "हे असं डुललं तर डुलू दे, तेवढी जागा कंपनीनंच ठेवल्याली असती. पर वर-खाली हललं न्हाई पायजे." आणि रॉड माझ्या हातात देऊन ते चिंधीला हात पुसायला लागले. मी ओढून पाहिला, दाबून पाहिला. आवाज कानापेक्षा बोटांनाच जास्त कळत होता. तेलानं गुळगुळीत झालेल्या पोलादातून एक अगदी छोटा धक्का पेरांत येत होता. मामा म्हणाले, "चेंबर उघडायला लागतंय. आता सांग, तू उघडतोस का मी उघडू?"

त्यांनी विचारलं ते सरळ कामापुरतं. बाकावर जागा कधी करायची, हातातली कामं कधी उरकायची, हे त्यांना ठरवायचं होतं. मी "सांगतो" म्हणालो आणि घरी आलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. जेवताना, कामावर जाताना, रात्री पंख्याकडे बघत पडल्यावर तोच. जो माणूस आयुष्यभर क्रँक बांधत आलाय, त्यानं मला हा प्रश्न विचारावा, आणि मी तिथल्या तिथं "तुम्हीच उघडा मामा" असं म्हणू नये, याचं मलाच नवल वाटत होतं.

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. "इंजिनाला अजून पाना लागलेला नाही." आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही येझदी 1977 साली नवी घेतली. तेव्हा ते हायस्कुलात गणित शिकवायचे. तसा वरचा भाग बऱ्याचदा उघडला गेलाय. टू-स्ट्रोक इंजिनाला त्यावाचून सुटका नसते. हेड काढून कार्बन खरवडायचा, रिंगा बदलायच्या, सायलेन्सर जाळून साफ करायचे. याला गॅरेजात हाफ इंजिन म्हणतात आणि आण्णांच्या हिशेबात ते धरलं जात नाही. पाना लागणं म्हणजे चेंबर उघडणं. ज्यात क्रँक आणि गिअर दोन्ही बसलेले असतात, ती ॲल्युमिनियमची दोन कवचं एकमेकांपासून सोडवणं. म्हैसूरच्या कारखान्यात कुणा कामगारानं ती मिटवली, त्यानंतर आतला भाग कुणाच्याच नजरेला पडलेला नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन अधूनमधून चौकशीला येतात. गाडीभोवती एक फेरी मारतात, टाकीच्या बाजूंचा क्रोम बघतात आणि विचारतात, "इंजिन खोललंय का?" त्यावर आण्णा हे वाक्य म्हणतात. गाडी विकायची नसतेच, पण हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून ते प्रत्येकाला बसवून चहा देतात.

आता त्या वाक्यावर पाणी पडणार होतं. खरं तर ते आधीच पडलं होतं.

पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरातून धान्याचे डबे, गाद्या, फ्रिज, आण्णांची पुस्तकं, सगळं माडीवर चढवलं. सव्वाशे किलोच्या वरची गाडी त्या अरुंद लाकडी जिन्यानं नेणं शक्यच नव्हतं. ती सोप्यात मेन स्टँडवर उभी राहिली आणि पाणी तिच्या टाकीवर चढलं. पूर ओसरल्यावर दार उघडलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. कुजका गाळ, भिजलेलं लाकूड, कुठून तरी वाहत आलेलं डिझेल. हेडलाइटच्या काचेआड गढूळ पाणी अर्ध्यापर्यंत साचलं होतं. भिंतीचे पोपडे, फुगलेली कपाटं, यांतलं काहीही न बघता आण्णा गाडीपाशी गेले, प्लग काढला, ड्रेन बोल्ट सोडला आणि उकिडवे बसून खाली पडणारं पाणी बघत राहिले. आधी मातकट पाणी आलं, मग दुधाळ झालेलं गिअर ऑइल. पुढे कितीतरी दिवस ते प्लगच्या भोकातून डिझेल ओतायचे, लिव्हर हातानं दाबून इंजिन फिरवायचे, काढायचे, पुन्हा ओतायचे. शेवटी पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल घालून ठेवलं. दिवाळीत गाडी चालू झाली. गल्लीतली माणसं बाहेर आली. बहुतेकांच्या घरातल्या मोटारी, मिक्सर, टीव्ही भंगारात गेले होते, आणि ही मात्र धूर सोडत उभी होती.

पण बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी असं जात नाही. गोळ्या ज्या मार्गावर फिरतात त्या आरशासारख्या पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा ठिपका पडतो. गंज पुसला तरी खड्डा राहतो. प्रत्येक फेरीला प्रत्येक गोळी त्या खड्ड्याच्या कडेवर आपटते, कड तुटते, खड्डा वाढतो, तुटलेला कण दुसऱ्या गोळीखाली जातो. हे व्हायला वर्षं लागतात. आधी ॲक्सिलरेटर सोडला की एक बारीक घुमणं ऐकू यायचं. पुढे उजव्या बाजूला, डायनॅमोच्या मागे, खरखर सुरू झाली. मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेंबरला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ती पहिल्यांदा ऐकली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यात डाव्या बाजूचा ऑइल सील कडक झाला. मग इंजिन क्लचकडचं गिअर ऑइल आत ओढायला लागलं, धुराचा रंग बदलला, आणि दर थोड्या दिवसांनी गिअर ऑइल कमी भरायला लागलं. आण्णा धूर बघून म्हणायचे, "ऑइल जास्त पडलं असेल पंपावर." त्यांना कळत नव्हतं असं नाही.

या गाडीच्या टाकीवर बसून मी कोल्हापूर पाहिलं. पेट्रोल पंपावर मापानं टू-टी ऑइल ओतलं जायचं आणि आण्णा दोन्ही हातांनी गाडी डावी-उजवी हलवून ते मिसळायचे. ते हलणं मला पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं. मग त्यांचा डावा पाय लिव्हर आत दाबून वर फिरवायचा, गिअरच्या लिव्हरचीच किक व्हायची, एक लाथ, दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर, आणि लिव्हर पुन्हा खाली येऊन गिअरला हजर. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचो. म्हशीच्या धारोष्ण दुधाचा फेस ओठांवर, समोर कोमट इंजिनाची टिकटिक. रविवारी पन्हाळा. वाघबीळ सोडलं की चढाला आण्णा दुसऱ्या गिअरवर यायचे, आवाज भरीव व्हायचा, मांड्यांना ऊब लागायची. उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की ती मधूनच एखादा ठोका चुकवायची, धड-ड-धड, आणि तेवढा वेळ माझा श्वास अडकायचा. आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी कागदात गुंडाळलेला एक जादा प्लग असायचा. वर्गातही असायचा. पोरं त्यांना त्यावरून चिडवायची, असं त्यांचा एक जुना विद्यार्थी मला मोठेपणी कौतुकानं सांगत होता.

हे इंजिन मुळात इथलं नाही, आणि मला ते मनापासून आवडतं. 65 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आणि 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ही मापं प्रागची. जर्मनांनी देश गिळलेला असताना जावा या तिथल्या कंपनीच्या लोकांनी चोरून एका 250 सीसी गाडीवर काम चालू ठेवलं, आणि युद्ध संपल्यावर 1946 मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिची हीच मापं होती. 1961 मध्ये म्हैसूरला इराणी मंडळींचा कारखाना सुरू झाला, आधी जावा, मग येझदी या नावानं गाड्या निघत राहिल्या, आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. मधे किती काय बदललं, पण बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले. मी घरी बसून सिलिंडरात व्हर्निअर धरतो, 65 च्या आसपास काटा थांबतो, तेव्हा ज्या माणसांनी परक्या सैनिकांची चाहूल घेत घेत हा आकडा कागदावर टाकला असेल, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. नावं मला ठाऊक नाहीत. पण त्यांचं काम शुक्रवार पेठेत आहे.

मामांचं दुकान उद्यमनगरात. पत्र्याची शेड, दारात दिवसभर कुणीतरी ग्राइंडर मारत असतो, आणि आत गेलं की कटिंग ऑइलचा तो दुधट, थोडा आंबूस वास. कोपऱ्यात हायड्रॉलिक प्रेस. भिंतीवर बंद पडलेल्या कंपन्यांची कॅलेंडरं. ते क्रँक बांधतात ते मी नुसतं बघत बसायला म्हणूनही जात आलोय. क्रँक म्हणजे दोन जड चकत्या आणि त्यांना जोडणारी एक पिन. पिनला आटे नसतात, चावी नसते. भोकापेक्षा ती किंचित मोठी असते आणि काही टनांच्या दाबानं आत घुसवलेली असते, त्या आवळून धरण्यावरच सगळं इंजिन फिरतं. जुनी पिन दाबून काढायची, नवा रॉड, नवे रोलर, नवी पिन घालून पुन्हा दाबायचं, हे प्रेस असेल तर कुणीही करील. खरं काम त्याच्या पुढे. क्रँक दोन सेंटरच्या मधे धरायचा, दोन्ही टोकांना डायल गेज लावायचे आणि हातानं सावकाश फिरवायचा. सुया हलतात. चकत्या एकमेकींशी केसभर जरी तिरक्या बसल्या असल्या तरी सुया सांगतात. मामा खडूनं कडेवर एक रेघ मारतात, क्रँक सेंटरवरून उचलतात, हातात तोलतात आणि तांब्याच्या हातोडीनं त्या रेघेवर एक ठोका देतात. कुठे मारायचं हे गेज सांगतो, किती जोरानं मारायचं हे कुणीच सांगत नाही. पुन्हा सेंटरवर, पुन्हा सुया. 0.02 मिलिमीटरच्या आत सुई थरथरली की ते मान हलवतात आणि विडी पेटवायला बाहेर जातात. 

त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. गेज वाचताना ते शेजारच्या लेथवरच्या पोराला हाक मारतात. ठोका मात्र स्वतः देतात. सांगलीहून, बेळगावहून, रत्नागिरीहून पोत्यात क्रँक बांधून माणसं येतात. त्यांच्या हातात जे आहे ते शिकायला आजवर कुणी टिकलं नाही. एक-दोघं आले आणि जास्त पगारावर पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर गेले. त्यात त्या पोरांचं चुकलं असं मला वाटत नाही.

माझं स्वतःचं काम मोजण्याचं. शिरोलीला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. 20 अंशांवर ठेवलेल्या खोलीत दुसऱ्यांनी ओतलेले, दुसऱ्यांनी कातलेले नग माझ्या टेबलावर येतात आणि मी मायक्रोमीटर, बोअर गेज लावून ते पास किंवा रिजेक्ट करतो. हे काम मी मन लावून करतो, मला ते आवडतं. पण घडवण्याचा भाग कायम काचेपलीकडे राहिला. नग बिघडला तर तो कुणाच्या हातून बिघडला हे मला कळतं, चांगला निघाला तर तो हात मला दिसत नाही. मामांच्या त्या प्रश्नानं हेच कुठेतरी हलवलं. तू उघडतोस का. कुणी मला असं विचारलं नव्हतं.

उत्साह बाजूला ठेवून मी कामाचा विचार करायला बसलो. टू-स्ट्रोकचा चेंबर नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना त्याच्याखाली पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं, खाली येताना ते चेंबरात दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात चढतं. म्हणजे दोन कवचं जिथे मिळतात ती कड हवाबंद असायलाच हवी. ती सोडवताना घाईला येऊन कुणी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकलं तर नखानं जाणवेल न जाणवेल असा ओरखडा उठतो. त्यातून बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एखाद्या उन्हाळ्यात घाटात पिस्टन चिकटतो. उजवा सील नीट बसला नाही तरी हेच. ॲल्युमिनियममधले आटे चाळीस-पन्नास वर्षांनी इतके नाजूक झालेले असतात की नट घट्ट झाला असं वाटता वाटता हात एकदम मोकळा फिरतो आणि पोटात गोळा येतो. डायनॅमोचा आर्मेचर आणि प्रायमरी चेनचं छोटं चक्र, दोन्ही निमुळत्या शाफ्टवर आवळून बसलेले, त्यांना ओढून काढायला त्यांचे त्यांचे पुलर लागतात. गिअरच्या शाफ्टांवर शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात. काढताना एखादा तेलानं कवचालाच चिकटून राहतो आणि आपण तो नसल्याचं समजून पुढे जातो. बेअरिंग सी-थ्री घ्यायचं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं, कारण गरम झाल्यावर ती मोकळीक लागते. साधं बेअरिंग दिसायला तसंच, पेटीवरचं अक्षर तेवढं वेगळं.

आणि तरीही यातलं बरंचसं मला जमेल असं वाटतं. यात लागते ती स्वच्छता, चिकाटी आणि मापाची शिस्त. कवच सगळीकडून सारखं तापवलं, साधारण पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरावा इतपत, की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीनं प्रसरण पावतं आणि बेअरिंग हातोडी न लावता आपल्या वजनानं सुटून खाली येतं. बसवतानाही तसंच. बहुतेक गॅरेजात त्याला पाइपचा तुकडा लावून ठोकतात, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि कवच तापायला वेळ लागतो. आमच्या क्लचच्या झाकणाचे स्क्रू बघावेत. मागे कधीतरी एका गॅरेजात कुणीतरी त्यांची डोकी छिन्नीनं फिरवली आहेत. प्रत्येकाच्या कडेला तिरका घाव आहे आणि एक घाव घसरून झाकणावरही उमटलाय. मी लहानपणी त्या खाचेवरून बोट फिरवायचो. त्या मिस्त्रीचा राग येत नाही, त्याला त्या दिवशी आणखी गाड्या उरकायच्या असतील. पण माझ्याकडे वेळ आहे, आणि या कामात वेळ हे मोठं हत्यार आहे.

क्रँकचा मात्र विचारसुद्धा मनात आणायचा नाही, हे मी पहिल्याच रात्री ठरवलं होतं. मी सुई वाचू शकतो. ठोका देऊ शकत नाही.

अडचण दुसरीकडेच निघाली. सिलिंडर मी कामावर घेऊन गेलो, सुट्टी झाल्यावर बोअर गेज लावला. वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. एक्झॉस्ट पोर्टच्या जरा वर सगळ्यांत जास्त झीज, 0.14 मिलिमीटर, आणि तीही एका अंगाला. मोजून झाल्यावर मी बराच वेळ ते ओतीव लोखंड मांडीवर घेऊन बसलो. माझ्या टेबलावर हा नग आला असता तर मी क्षणभरही न थांबता लाल शिक्का मारला असता. बोअर करायला हवा, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालायला हवा. पण ही झीज कशाची? पन्हाळ्याच्या चढाची, शाळेच्या रोजच्या फेऱ्यांची, आईला पहिल्यांदा जोतिबाला नेलं त्या रस्त्याची. सिलिंडर ज्या अंगाला जास्त खाल्ला गेलाय तो आण्णांच्या चालवण्याचा आकार आहे. बोअरिंग मशीनचं टूल आत गेलं की तो आकार काळ्या भुकटीसारखा ट्रेमध्ये पडणार. जुना रॉड, पिन, रोलर, म्हैसूरहून आलेली बेअरिंग, ती तर जाणारच. कामावर मी ज्याला झीज म्हणून नाकारतो, घरी तीच जपावीशी वाटते. दोन्ही मतं माझीच आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

रात्री आण्णांना मामांचा निरोप सांगितला. ते सोप्यात आरामखुर्चीत होते. ऐंशीच्या घरात आलेत, गुडघ्यानं किक जमत नाही, पण गाडी रोज पुसतात. "चेंबर?" एवढंच म्हणाले. मग बऱ्याच वेळानं एक गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याची जावा कुठल्याशा गॅरेजात फुल इंजिनाला दिली होती. गाडी परत आली, चांगली चालली, पण पुढे दुसरीकडे उघडल्यावर कळलं की आतले मूळ गिअर काढून जुने, घासलेले घातले होते. "तेव्हापासून ठरवलं, आपल्या नजरेआड ती उघडायची नाही. आणि शाळा सोडून दिवसभर गॅरेजात बसणार कोण?" म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला गाडीचा अभिमान समजत होतो, त्याच्या बुडाशी एक भीती होती. कुणावर विसंबायचं हा प्रश्न त्यांनाही पडला होता, आणि त्यांनी तो चेंबर न उघडून सोडवला होता. मी विचारलं, "मी उघडू?" त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उठून आत गेले आणि गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन आले. पुराच्या वेळी ते माडीवर होतं म्हणून वाचलं. शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांच्या बारीक अक्षरात प्रत्येक रिंग, प्रत्येक प्लग, पॉइंट केव्हा घासले, चेन केव्हा बदलली, सगळ्याच्या तारखा. "पुढचं तू लिही," म्हणाले, आणि बातम्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांना जाऊन सांगितलं, उघडणार मी, मिटवणार मी, क्रँक तुम्ही बांधायचा. त्यांना जणू हे माहीतच होतं. त्यांनी क्रँकची मजुरी सांगितली ती ऐकून मला वाईट वाटलं. या गावात माणसं टाकीच्या रंगाला, क्रोमला, हॉर्नला पाहिजे तेवढे पैसे मोजतात आणि क्रँकच्या मजुरीत शंभर रुपये कमी करायला भांडतात, कारण रंग दिसतो आणि क्रँक दिसत नाही. जुन्या गाड्या टिकाव्यात असं ज्यांना खरोखर वाटतं, त्यांनी आधी या मजुरीचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्यांना माझा आकडा सांगितला. ते नको म्हणाले. मी म्हटलं, मग शिकवणीचे धरा, क्रँक बांधताना मी जवळ बसणार आहे आणि गेज मी वाचणार आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत.

पाऊस संपून सोप्यातली ओल जाईपर्यंत थांबायचं ठरलंय. उघड्या बेअरिंगला आणि नव्या बोअरला ही दमट हवा चालत नाही. खंडेनवमीला दरवर्षी आण्णा गाडीला झेंडूची माळ घालतात. यंदा पाटावर पाने, पुलर आणि डायल गेजही मांडू, आणि दसऱ्याच्या सुट्टीत सुरुवात करू. आर्मेचरच्या पुलरचं माप मामांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं लिहून दिलंय, शेजारच्या लेथवर तो कातून घ्यायचा आहे. सील आणि बेअरिंग आली आहेत. गॅस्केटचा कागद आणलाय. पिस्टनसाठी पुण्याला नाना पेठेत एकदा जाऊन यावं लागेल, ओव्हरसाइझमध्ये जुन्या स्टॉकचा मिळाला तर तोच हवा, नाहीतर नवा लोकल घेऊन वजन आणि रिंगांच्या खाचा नीट तपासायच्या.

बोअर करावा लागणार हे आण्णांना अजून सांगितलेलं नाही. चेंबर उघडला की त्यांना खुर्ची टाकून जवळ बसवीन, आधी त्यांचे मूळ गिअर त्यांच्या हातात देईन. मग सिलिंडरचं बोलीन.